उचगाव ते लंडन : अंतर आणि अवधी

उचगाव हे कोल्हापूरच्या पूर्वेस, पुणे–बंगळूर महामार्गालगतचे गाव. शेजारी गांधीनगरची कापडपेठ आणि जवळच उजळाईवाडीचे विमानतळ. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली हे विमानतळ सुरू झाले. आपल्या समाजातील कित्येक घरांची एक पाती आज परदेशी आहे. त्यामुळे ‘लंडन किती लांब?’ हा प्रश्न आता केवळ भूगोलाचा उरलेला नाही.

उजळाईवाडी ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आणि मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा सीरियाच्या परिसरातून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर त्याचा मध्य जॉर्जियातील तिबिलिसी शहराजवळ येतो. गोलावरील हा दोराच सर्वांत जवळचा मार्ग. मात्र आकाशालाही सरहद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचे आकाश बंद झाले, तेव्हा त्यांच्या विमानांना वळसा घालावा लागला. अंतर तेच राहिले, अवधी वाढला.

वाऱ्याचाही हिशेब आहे. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून मुंबईहून जाताना सुमारे दहा तास, तर परतताना नऊच्या आसपास लागतात.

चौविहार पाळणाऱ्यांपुढे निराळाच प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्यात दुपारी मुंबईहून निघालेले विमान सूर्यामागोमाग जाते. घरच्या घड्याळात रात्रीचे दहा वाजले, तरी खिडकीबाहेर ऊन असते. घड्याळ मानावे की सूर्य, हे ज्याने त्याने निघण्यापूर्वीच आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. जैन भोजनाची मागणीही एक-दोन दिवस आधीच नोंदवावी.

बँकेत जाहीर व्याजदर आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरक आम्ही ग्राहकांना समजावत असू. इथेही तसेच आहे. तिकिटांवरील उड्डाणाचे तास अकरा. त्यात उजळाईवाडीस आधी पोहोचणे, मुंबईतील तीन-चार तासांची प्रतीक्षा आणि हीथ्रोवरील तपासणी मिळवा. बेरीज सतरा-अठरा तासांवर जाते. दोन्ही प्रवासांची तिकिटे स्वतंत्र काढली असतील आणि पावसामुळे कोल्हापूरचे विमान रद्द झाले, तर पुढचे विमान कोणासाठी थांबत नाही. शक्यतो एकाच आरक्षणात तिकिटे घ्यावीत. नाहीतर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

हा हिशेब सहलीपुरता नाही. घरी वडीलधारे अत्यवस्थ असल्याचा निरोप गेला, तर तिकडच्या मुलाला पहिले विमान मिळूनही उचगावचा उंबरठा गाठायला जवळजवळ एक अहोरात्र लागते. अंत्यदर्शनासाठी थांबायचे की नाही, हा निर्णय त्या घडीला घरातल्यांना फार जड जातो. म्हणून आई-वडील हिंडते-फिरते असतानाच ही गोष्ट मुलांशी मोकळेपणाने बोलून ठेवावी, आणि भेटीची तिकिटेही त्याच काळात काढावीत.