आधी आलेख, मग आकडा

डीएनए लायब्ररी सिक्वेन्सरवर चढवण्याआधी आम्ही ती बायोअ‍ॅनालायझरच्या चिपवर तपासतो. एकेका खळग्यात एक मायक्रोलिटर नमुना, आत बारीक नळ्यांमध्ये जेल, वर वीजदाब. पाऊण तासात तुकड्यांची लांबी पडद्यावर येते. पण यंत्र लांबी मोजतच नाही. तुकडा डिटेक्टरपाशी कधी पोचला एवढंच त्याला कळतं. लांबी निघते ती लॅडरवरून, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांच्या मिश्रणावरून, आणि ३५ व १०,३८० बेस पेअरच्या दोन मार्करवरून. सॉफ्टवेअरने भलतंच शिखर मार्कर म्हणून धरलं, की त्या नमुन्याचे सगळे आकडे सरकतात आणि तरीही तितक्याच ठामपणे छापले जातात.

म्हणून कुणी विद्यार्थिनी घाबरून आली, "मॅडम, चिप खराब निघाली, परत लावू?" तर मी म्हणते, "थांब गं, आधी लॅडर दाखव." लॅडरच वाकडी असेल तर जेल थंडच वापरलं का, खळग्यात हवेचा बुडबुडा राहिला का, इलेक्ट्रोड पुसले का, ते बघायचं. लॅडर सरळ आणि एकच नमुना विचित्र असेल, तर चिपला दोष देऊ नये. त्या नमुन्यात मीठ उरलंय का, ते तपासावं.

सगळ्यात फसवा तो आलेखावर उजवीकडे दिसणारा दुसरा उंचवटा. तो कसा येतो, ते एका उदाहरणावरून सांगते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) पुण्यात सांडपाण्यातून करोनाचा माग घेतला. असल्या कामात विषाणूचा अंश नखभर, म्हणून पीसीआरची चक्रं वाढवायचा मोह होतो. प्रायमर संपले की सुटे धागे मिळेल त्या जोडीदाराला चिकटतात. टोकांचे अ‍ॅडाप्टर जुळतात, मधला भाग जुळत नाही, फुगून राहतो. असा रेणू जेलमधून रखडत जातो आणि आलेखावर दुप्पट लांब दिसतो. लांबी वाढलेली नसते, आकार बदललेला असतो. ही लायब्ररी लगेच टाकून देणारे पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. ताजे प्रायमर घालून एक चक्र द्या. उंचवटा मावळला तर निदान पक्कं. सिक्वेन्सरवर जाण्याआधी धागे सुटे करायचेच असतात, त्यामुळे क्रमवाचन अडत नाही. मात्र डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या क्युबिटचा रंग दुहेरी धाग्यालाच धरतो, तो प्रमाण कमी दाखवेल. किती भरायचं ते अशा वेळी क्यूपीसीआरवरूनच ठरवावं.