आरशाची परीक्षा



१९८३ साली मी टेपरेकॉर्डरवर आईच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आई गेली, कॅसेटींना बुरशी धरली. नातवाने वाचल्या तेवढ्या ओव्या आमच्या घरच्या छोट्या सर्व्हरवर उतरवल्या. त्यात दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहायचं तेच दुसरीवरही लिहिलं जातं. याला म्हणे 'रेड-१'. 'रेड' हे नाव १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधातून आलं.

परवा तो म्हणाला, "आजी, आज परीक्षा घेऊ." एक पेनड्राइव्ह हातात देत म्हणाला, "सगळ्याची प्रत आहे यात. ही धरून बस."

आदल्या रात्रभर त्याने डिस्कवर सारखं लिहायला-वाचायला लावलं होतं. त्याआधी प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, चेकसम, टिपून ठेवला होता. मग आईची ओवी लावली आणि ती चालू असतानाच एका डिस्कची केबल उपसली! माझ्या पोटात गोळाच आला. पण आई गातच राहिली.

नंतर त्या जागी कोरी डिस्क लावली. पहिलीवरून तिच्यावर सगळं उतरायला पाच तास लागले. तो म्हणाला, हाच काळ धोक्याचा. उरलेली डिस्क एकटी, आणि तिलाच अथपासून इतिपर्यंत वाचावं लागतं. त्यात दोन्ही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या असल्या तर दोघींचं वयही सारखंच. संध्याकाळी आकडे ताडून पाहिले. सगळे जुळले. मी पैकीच्या पैकी गुण दिले.

"थांब," म्हणाला, आणि चाचणीसाठी ठेवलेली एक फाइल पुसली. ती दोन्हीकडून गेली!

मला वर्गातला शेवटचा बाक आठवला. दोघांच्या वह्यांत तेच गणित, तीच चूक. शेजाऱ्याचं बघून लिहिलेल्या वहीवरून उत्तर बरोबर आहे की नाही ते कसं कळणार? डिस्क बिघडली तर आरसा सावरेल, पण माझ्याच हातून काही पुसलं गेलं तर तो तेही इमानाने उतरवून घेईल. त्यासाठी वेगळी प्रत हवी, आणि तीही दुसऱ्या घरी.

तो पेनड्राइव्ह काल धाकट्या बहिणीकडे पाठवला. रात्री तिचा फोन आला. बोलली काहीच नाही, नुसती ओवी ऐकू येत होती.

असो. तुमच्या घरी अशा कॅसेटी असतील तर एकदा काढून बघा.