दया आणि तजवीज

संकटांत सांपडलेला मनुष्य डोळ्यांपुढें आला असतां ज्याचें हृदय द्रवत नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु द्रवलेल्या हृदयानें एका दिवसाची भूक भागते; वर्षाची भूक भागवावयास हिशेबाची वही लागते. ‘दया’ हा शब्द आपण मुलांस बालपणापासून शिकवितों; ‘तजवीज’ हा शब्द मात्र व्यवहारी व कांहींसा रूक्ष समजून बाजूस ठेवितों. या दोन शब्दांचें नातें किती जवळचें आहे, हें दाखविण्यासाठीं आपल्याच महाराष्ट्रांत घडलेली एक हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी असें मनांत आहे.

कोल्हापूर शहरानजीक वळिवडें नांवाचें गांव आहे. तेथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. पोलंड कोठें आणि पंचगंगेचें खोरें कोठें! परंतु युद्ध माणसांस कोठल्या कोठें नेऊन टाकतें पाहा. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडावर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें स्वारी केली. पूर्व भागांतील लाखों लोकांस १९४० व १९४१ सालीं मालगाड्यांच्या डब्यांत कोंडून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि दूरच्या मुलुखांत पाठविण्यांत आलें. थंडीनें व उपासमारीनें त्यांतील पुष्कळ लोक तेथें मेले. पुढें जर्मनीनें रशियावरच हल्ला केला, तेव्हां लंडनमधील पोलिश सरकार व रशिया यांच्यांत १९४१ सालीं करार होऊन हे लोक मोकळे झाले. आणि १९४२ सालीं त्यांपैकीं एक लाखाहून अधिक लोक इराणांत येऊन पोहोंचले. लढण्याजोगे पुरुष फौजेंत गेले; बायका, मुलें व वृद्ध यांस आसरा हवा होता. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें शेंकडों मुलांस ठेवून घेतलें, आणि मोठी वसाहत वळिवड्यास झाली. तेथें शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होतें. क्षयाच्या रोग्यांसाठीं पांचगणीस निराळी सोय होती.

येथपर्यंतची हकीकत ऐकून ऊर भरून येतो. परंतु विचारी वाचकानें पुढचा प्रश्न विचारिला पाहिजे, कीं या माणसांच्या रोजच्या पीठमिठाचा पैसा कोण देत होतें? बालाचडीच्या मुलांसाठीं हिंदी संस्थानिक व उद्योगपति यांनीं वर्गण्या दिल्या. वळिवड्याचा भार मुख्यत्वेंकरून लंडनमधील पोलिश सरकारनें उचलला होता. ठरलेला भत्ता मिळे व त्यांतून कुटुंबें आपला बाजारहाट करीत. परंतु १९४५ च्या जुलै महिन्यांत ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या नांवावर पैसा येत होता तें नांवच पुसलें गेलें! छावणींतील कोणा बाईनें कांहीं अपराध केला नव्हता, कीं कोल्हापूरच्या बाजारांतील धान्य संपलें नव्हतें. दूरच्या राजधानींतील एका निर्णयानें तिची चूल अडचणींत आली. सुदैवानें ती विझली नाहीं. खर्चाची जबाबदारी आधीं ब्रिटिश सरकारनें, पुढें ‘अन्रा’ या आंतरराष्ट्रीय साहाय्य व पुनर्वसन संस्थेनें, आणि अखेरीस आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनें पत्करली.

या ‘अन्रा’ संस्थेची स्थापना ९ नोव्हेंबर १९४३ रोजीं वॉशिंग्टन येथें ४४ राष्ट्रांच्या सह्यांनीं झाली, व त्यांत हिंदुस्थानहि होता. तिचा दंडक असा ठरला, कीं ज्या देशावर शत्रूचा अंमल बसला नाहीं त्यानें आपल्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शंभरावा हिस्सा द्यावा. मला हा दंडक फार शहाणपणाचा वाटतो. तो कां, हें पालकांच्या एका नेहमींच्या प्रश्नावरून सांगतों.

परमुलुखांतील निर्वासितांसाठीं वर्गणीची गोष्ट निघाली, कीं एखादा पालक म्हणतो, “मास्तर, आमच्याच कापसाला भाव नाहीं, डोक्यावर कर्ज आहे, परक्यांस काय द्यावें?” हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा तो खराखुरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर त्या दंडकांतच आहे. शंभरांतील एक दिला तर नव्याण्णव घरींच राहतात. ज्याच्यापाशीं तो एकहि उरत नाहीं त्याजकडे मागूंच नये. तो स्वतःच साहाय्याचा अधिकारी होय. पण ज्याजवळ आहे त्यानें मनास येईल त्या दिवशीं पांच देऊन पुढें वर्षभर हात आंखडावा, त्यापेक्षां एकच, पण नेमानें द्यावा, हें बरें.

हें मी केवळ पुस्तकांत वाचून म्हणत नाहीं. २०२० च्या उन्हाळ्यांत टाळेबंदी झाली, तेव्हां हैदराबादेकडून नागपुराकडे जाणाऱ्या आमच्या वडनेरच्या हमरस्त्यानें मजुरांचे थवे पायीं चालले होते. पहिल्या दोन दिवसांत गांवानें इतक्या भाकरी आणल्या, कीं उरलेल्या गुरांस घालाव्या लागल्या. आठ-दहा दिवसांनीं रस्त्यावरचीं माणसें कमी झालीं नव्हतीं, टोपल्या मात्र कमी झाल्या होत्या. कोणाचें मन कठोर झालें होतें असें नव्हे. प्रत्येकास वाटे, आज दुसरा कोणी आणील. तेव्हां चार जाणत्या बायांनीं एक वही केली. कोणत्या दिवशीं कोणत्या मोहल्ल्यानें किती भाकरी द्याव्या, झुणका कोणी करावा, पाण्याचे माठ कोणी भरावे, हें सर्व तींत लिहिलें. त्या दिवसापासून भाकर वायांहि गेली नाहीं आणि कमीहि पडली नाहीं. गांवची दया होती तेवढीच होती. तिला आतां वार नेमून दिलेले होते, इतकेंच.

आज जगांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चाललेली दिसते. भुकेल्या निर्वासितांस अन्न पुरविणाऱ्या ‘जागतिक अन्न कार्यक्रम’ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेस २०२० सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तिच्या तिजोरींत कोणत्याहि राष्ट्राची बांधलेली वर्गणी येत नाहीं. सर्व पैसा स्वेच्छेचा. म्यानमार, म्हणजे जुना ब्रह्मदेश, येथून पळून आलेले रोहिंग्या लोक बांगलादेशांत कॉक्स बाजार येथें छावण्यांत राहतात. त्यांस माणशीं दरमहा १२ डॉलरांचा शिधा मिळत असे. मार्च २०२३ मध्यें तो १० डॉलरांचा झाला, व जूनमध्यें ८ डॉलरांचा. म्हणजे रोजचे सुमारें २२ रुपये. जगांतील धान्य कांहीं सरलें नव्हतें. वर्गणी आटली होती. २०२४ सालीं शिधा पुनः वाढला. पण मार्च २०२५ मध्यें तो ६ डॉलरांवर येणार अशी सूचना निघाली, व ऐन वेळीं पैसा मिळाल्यामुळें तें संकट टळलें. त्याच वर्षाच्या जुलैंत अमेरिकेची परराष्ट्रसाहाय्याची स्वतंत्र संस्थाच मोडण्यांत आली. वळिवड्याचा १९४५ चा प्रसंग अशा रीतीनें पुनः पुनः उभा राहतो. पुढच्या महिन्यांत मुलाच्या ताटांत किती पडेल हें ज्या आईस ठाऊक नाहीं, तिला आपल्या कळवळ्याच्या भाषणांचा काय उपयोग?

विद्यार्थिमित्रांनो, शेंकडेवारीचें गणित कंटाळवाणें वाटूं लागेल तेव्हां या ताटाची आठवण करा. वर्गांत मदतीची पेटी फिरेल तेव्हां शेजाऱ्याकडे पाहून देऊं नका; आपल्याच्यानें दरमहा काय निभेल तें आधीं ठरवा, आणि दिल्यावर त्याचा हिशेब विचारावयास लाजूं नका. हिशेब विचारणें हा अविश्वास नव्हे. ज्याच्यासाठीं पैसा दिला त्याची ती काळजी आहे. आणि पालकांस माझी इतकीच विनंति, कीं घरच्या वहींत वाण्याच्या व दुधाच्या हिशेबाखालीं एक ओळ परक्या माणसासाठीं राखून ठेवावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ती ओळ मात्र कोणत्याहि महिन्यांत कोरी राहूं नये.