सूर्यावाचून रविवार

नकाशा हे मोठे उपकारक साधन खरे. परंतु दूरच्या दोन विमानतळांमधील अंतर मोजावयास त्याजवर पट्टी ठेवली की तो हटकून फसवितो. आमच्या वर्गाच्या भिंतीवरील नकाशात बंगळूर व सॅन फ्रान्सिस्को यांस जोडणारी सरळ रेषा अरबस्थान, आफ्रिका व अटलांटिक महासागर ओलांडून जाते. त्या वाटेने विमान गेले, तर त्यास वीस हजार किलोमीटरांच्या आसपास प्रवास घडेल. आता तोच दोरा पृथ्वीगोलावर ताणून धरावा. तो आपण होऊन वर सरकतो आणि उत्तर ध्रुवप्रदेशातून जातो! हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरते. ध्रुवाकडे जावे तसतशी अक्षवृत्ते लहान होत जातात. ६० अंशांवरील वृत्त विषुववृत्ताच्या निम्मेच असते. सपाट कागद मात्र ती सारी सारख्याच लांबीची दाखवितो.

सन २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचे विमान याच ध्रुवमार्गाने बंगळुरास आले. चालकवर्ग सर्व स्त्रियांचा होता, हे आमच्या मुलींनी ध्यानात ठेवावे. वाटेत कोठेही न उतरता सुमारे सतरा तास ते उडत होते. म्हणजे ताशी आठशे किलोमीटरांहून किंचित अधिक वेग झाला.

हा हिशेब फळ्यावर चालला असता सातव्या इयत्तेतील एका मुलीने विचारले, “सर, विमान ९ तारखेस शनिवारी रात्री निघाले नि ११ तारखेस सोमवारी पहाटे पोहोचले. मग त्या लोकांचा रविवार कोठे गेला?”

वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण तिचे वडील त्याच प्रांतात नोकरीस असून वर्षादीडवर्षाने अशाच लांबच्या प्रवासाने घरी येतात, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही खडू तिच्या हाती दिला. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्या मागे साडेतेरा तास असते. तेथे शनिवारी रात्रीचे साडेआठ, म्हणजे येथे रविवारी सकाळचे दहा. तेथून सतरा तासांनी सोमवारची पहाट. रविवार हरवला नव्हता. तो आकाशातच सरला होता.

तोही कसा? निघताना तेथे रात्र, ध्रुवाकडे जानेवारीत सूर्य उगवतच नाही, आणि पलीकडे उतरावे तो आशियातही दिवस मावळलेला. साऱ्या रविवारात रवीचे दर्शन नाही!

त्या मुलीने पुढचा हिशेब कोणी न सांगता केला. आपण सकाळच्या उपासनेस उभे राहतो, तेव्हा विमान तिकडून सुटते. ध्रुवापाशी येते, तेव्हा येथे सायंकाळचे पाच वाजलेले असतात. दोन्ही वेळा तिने वहीच्या मागील पानावर उतरून घेतल्या. आईस दाखवावयाच्या आहेत, असे म्हणाली.