सगळ्यांचा एकच डबा

तुमच्या वर्गात एकटंच कोपऱ्यात बसून डबा खाणारं कुणी आहे का? माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. दूध, अंडी खाल्ली की तिच्या अंगावर गांधी उठत. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की ती हळूच म्हणायची, "बाई, मला भूकच नाही."

मला ते फार लागलं. मग एका शनिवारी ठरवलं, आज सगळ्यांचा डबा सारखा. अगदी नॉर्वेसारखा!

नॉर्वेतली मुलं शाळेत घरून 'मातपाक्के' नेतात. म्हणजे खाण्याची पुडी. पावाच्या चकत्या, वर काहीतरी साधंसं, आणि चकत्या चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद. तिथे वर बरेचदा चीज असतं. आम्ही चीज, लोणी दोन्ही वगळलं. पावात दूध नाही ना, हे पाकिटावर तिनंच वाचून पाहिलं. वर उकडलेला बटाटा, काकडी, मीठ, लिंबू. झालं!

खाता खाता नॉर्वेचाच चित्रपट लावला. ईवो काप्रीनो यांचा १९७५ सालचा 'फ्लोक्लीपा ग्रां प्री'. बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक चित्र टिपलेला! त्यात सायकली दुरुस्त करणारा रेओदोर, बेधडक पक्षी सूलान आणि भित्रा लुडविग एकाच घरात राहतात. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे, तरी कुणी कोपऱ्यात नाही.

मध्येच आवाज आला, "बाई, अजून एक चकती!"

तीच होती ती!

तुम्ही वर्गात खाऊ आणाल ना, तेव्हा आधी एवढंच विचारा, "हे सगळ्यांना चालेल ना?"