वर्सोव्यात माशांचं विद्यापीठ!

अंधेरीत एक अख्खं विद्यापीठ आहे, केंद्र सरकारचं, आणि तिथे फक्त मासे शिकवतात! हे कळल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. वर्सोव्याला मेट्रोतून उतरा, रिक्षावाल्याला यारी रोड सांगा, पंच मार्गाला वळा. तिथे आहे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, ‘सीआयएफई’. पाटीवर नावापुढे ‘अभिमत विद्यापीठ’ असं वाचलं आणि तिच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. अजून वाचतोच आहे.

६ जून १९६१ ही तिची जन्मतारीख. स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत मत्स्य खाती उभी राहत होती, पण ती चालवायला शिकलेले अधिकारी हवे होते. ते घडवण्यासाठी ही संस्था निघाली. १९७९मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली, १९८९मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. आज इथे एमएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि पीएचडीसाठी देशभरातून मुलं येतात. मत्स्यशेती, माशांचे आजार, त्यांचं खाद्य, त्यांची जनुकं, मासळी टिकवणं, मासळीचं अर्थकारण, काय म्हणाल ते! आणि हा पसारा वर्सोव्यापुरता नाही. कोलकाता, आंध्रातलं काकीनाडा, मध्य प्रदेशातलं पवारखेडा, बिहारमधलं मोतिहारी आणि हरियाणातलं रोहतक, इतकी केंद्रं.

रोहतक! समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत! तिथे मत्स्यविद्यापीठाचं काय काम? मला सगळ्यात भारावून टाकलं ते याच केंद्राने.

कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं पाजून तिथली भूजलपातळी वर आली आणि पाण्याबरोबर मीठही वर आलं. जमिनी पांढऱ्या पडल्या, गहू येईना. शास्त्रज्ञांनी विचार केला, पाणी खारटच आहे तर त्यात कोळंबी का वाढवू नये? पण नुसता खारटपणा पुरत नाही. समुद्राचं पाणी आणि हे जमिनीखालचं पाणी, दोन्हींची क्षारता मोजून सारखी भरली तरी भूजलात पोटॅशियम फार कमी असतं, कारण माती ते धरून ठेवते. आणि पोटॅशियमशिवाय कोळंबीला अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळता येत नाही. ती सुस्तावते, कात टाकताना अडते, मरते. मग उपाय काय? म्युरेट ऑफ पोटॅश! आपला शेतकरी खताच्या दुकानातून आणतो तेच पोतं! पाणी तपासायचं, किती पोटॅशियम कमी पडतंय त्याचा हिशेब करायचा आणि तेवढं तळ्यात घालायचं. रोहतक केंद्राच्या लाहली गावच्या प्रक्षेत्रावर हे तंत्र बसवलं गेलं, आणि आज हरियाणातल्या सिरसापासून पंजाबातल्या फाजिल्का, मुक्तसरपर्यंत आणि राजस्थानातल्या चुरूमध्येही शेतकरी व्हेनामी कोळंबी काढतात. जिथे गवत उगवत नव्हतं तिथे! मला विचाराल तर एखाद्या विद्यापीठाची थोरवी सांगायला एवढं एकच काम पुरे आहे.

हे वाचताना माझ्या डोक्यात सारखं सांगली-कोल्हापूर येत होतं. शिरोळ, वाळवा, मिरज या ऊसपट्ट्यातही पाणी जास्त पाजून जमिनी क्षारपड झाल्यात. प्रत्येक ठिकाणचं पाणी वेगळं, माती वेगळी, त्यामुळे रोहतकचं गणित जसंच्या तसं इथे लावता येणार नाही, पण पाणी तपासायला काय हरकत आहे?

आता देशभरचं चित्र बघा. १९५०-५१मध्ये देशाचं मत्स्योत्पादन साडेसात लाख टनांच्या आसपास होतं. २०२२-२३मध्ये ते १७५ लाख टनांवर गेलं. मत्स्यशेतीत आपण चीनच्या खालोखाल आहोत. ही झेप नुसत्या जाळ्यांनी आणि ट्रॉलरनी घेतलेली नाही. तळ्यात मासा कसा वाढवायचा हे शिकलेल्या आणि गावोगाव शिकवणाऱ्या माणसांनी ती घडवली, आणि अशी माणसं घडवायचं काम ही संस्था साठ वर्षांहून अधिक काळ करतेय. पंच मार्गावरून पुढे गेलं की वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याचा, कोळीवाडा. बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणी आणि माशांची जनुकं वाचणाऱ्या प्रयोगशाळा एकाच गावात! अशी जागा मुंबईत दुसरी दाखवा मला.

दहावी-बारावीच्या मुलांच्या आईबाबांनो, डॉक्टर-इंजिनिअरच्या यादीत ही वाटही लिहून ठेवा. बारावी विज्ञाननंतर मत्स्यशास्त्राची पदवी रत्नागिरीजवळच्या शिरगावला, नागपूरला किंवा उदगीरला करता येते. त्यानंतर कृषी संशोधन परिषदेची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची, आणि मग थेट वर्सोवा!