निर्जला एकादशीचा पेला

जयपूरला पोस्टिंग झालेल्याला ज्येष्ठातलं ऊन वेगळं सांगावं लागत नाही. पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि बसच्या लोखंडी दांड्याला हात लागला तरी चटका बसतो. गावात जागोजागी प्याऊ असतात, म्हणजे आपल्या पाणपोया. ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ आणि ओंजळीत पाणी ओतणारा कुणीतरी.

पण ज्येष्ठ शुद्ध एकादशीला गंमत वेगळीच. लोक रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवतात आणि सरबत पाजतात. एकदा सुट्टी संपवून परतत होतो. सिंधी कॅम्प स्टँडवरून रिक्षा केली. पायाशी काळी ट्रंक, घामाने भिजलेला शर्ट. चौकात एका पोराने रिक्षाच अडवली आणि लाल सरबताचा पेला पुढे केला. मी खिशात हात घातला, तर पातेल्याजवळच्या म्हातारबाई म्हणाल्या, "आज पैसे नहीं लेते, बेटा."

त्यांचे ओठ सुकले होते. मी म्हटलं, "माँजी, आप भी पीजिए."

पोरगा हसला. "दादी का निर्जला व्रत है. कल पिएँगी."

आपल्याकडे एकादशीला निदान साबुदाणा असतो. इथे पाण्याचा थेंबही नाही, आणि दिवसभर दुसऱ्यांचे पेले भरायचे!

फौजेत आम्हीही बाटलीतला शेवटचा घोट सोबत्यासाठी राखतो. पण तो आपल्या पलटणीचा असतो, त्याचं नाव-गाव ठाऊक असतं. माँजींनी माझं नावही विचारलं नव्हतं.